बिनक्लचचा ट्रक

आमचा ट्रक लढाई जिंकून आला होता. निदान म्हसावदच्या बाजारात मी तरी तसंच सांगत असे. लढाई संपल्यावर अमेरिकन लष्कराने मागे टाकलेला, लिलावातून हात बदलत खानदेशात पोहोचलेला, चारही चाकं ओढणारा बुटका ट्रक. त्याचा रंग कोणता यावर माणसं पैजा लावायची. क्लच तर इतका जड, की माझ्या दादाने तो दाबला की शहाद्याकडची जमीन बोटभर खाली जायची आणि सोडला की वर यायची. ज्याला पटत नसे त्याला मी म्हणायचो, "बसा ना, दाबून पाहा." एक जण बसला. पुढे आठवडाभर लंगडत होता.

शेती मी बघायचो, ट्रक दादा. तोरणमाळावर मीठ, धान्य, रॉकेल चढवायचं आणि येताना चारोळी, डिंक, मोहाची फुलं उतरवायची. सातपायरीचा घाट तेव्हा रस्ता म्हणावा असा नव्हताच. डोंगर कूस बदलताना जी जागा रिकामी राहिली, तिथून दादा ट्रक काढायचा. वळणावर पुढचं चाक शहादा तालुक्यात आणि मागचं आभाळात असायचं.

मग एका उन्हाळ्यात, मागच्या स्प्रिंगचे पाटे बदलताना, जॅक सरकला आणि ट्रक दादाच्या डाव्या पायावर बसला. धुळ्याच्या दवाखान्यात पाय मांडीतून काढला. यात मला काही वाढवून सांगता येत नाही. आजवर कधी आलं नाही.

गावच्या सुताराने सागाचा पाय करून दिला. बैलगाडीची चाकं करणारा माणूस तो, पायही त्याने चाकासारखाच दणकट केला. चामड्याचे पट्टे मांडीला आवळायचे, हातात काठी घ्यायची, की दादा अंगणभर चालायचा. पण ट्रक नाही. लाकडाला क्लच समजत नाही. कधी पाय पेडलवरून घसरायचा, कधी दाबलेलाच राहायचा. पहिल्याच प्रयत्नात ट्रक गोठ्यात शिरला आणि म्हैस त्यानंतर आमच्या घराकडे पाठ करूनच उभी राहू लागली. दादा खाली उतरला, किल्ली माझ्या हातात दिली आणि परत त्या बाजूला गेला नाही.

ओट्यावर बसून राहायचा. रस्त्याने गाडी गेली की मान वर न करता सांगायचा, "याना दुसरा गिअर जाई ऱ्हायना." तेवढंच बोलायचा. पुढे पुढे तेही थांबलं. जेवण ताटात तसंच राहू लागलं.

एक दिवस मी बैल सोडत होतो तेव्हा वहिनी मागे येऊन उभी राहिली. डोक्यावरचा पदर नीट करत म्हणाली, "भाऊ, तुम्हना दादा दोन दिवसपाईन इचारी ऱ्हायनात, हिरीले पानी किती शे."

"मग सांग ना."

"हिरीले कितीबी पानी ऱ्हावो, यासले काय करनं शे?"

ती माझ्याकडे बघत होती. मी बैलाकडे बघत राहिलो. आमची विहीर घरापासून हाकेच्या अंतरावर, आणि काठाला कठडा नव्हता.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी केळीचे घड घेऊन मी अक्कलकुव्याला गेलो. तिथे रस्त्याकडेच्या एका वाड्यात कडुनिंबाखाली एक अमेरिकन मोटार पडलेली होती. सुरतेकडच्या कुणा धनवंताने ती झाडावर घातली होती. तोंडाचा चुराडा, मागचा भाग धडधाकट. आत कोंबड्यांनी अंडी घातली होती. मी सहज वाकून पाहिलं. खाली पेडल दोनच! एक ब्रेक, एक अॅक्सिलेटर. डाव्या पायाला काम नाही. मी कोंबड्यांच्या अंगावरून आत गेलो, सीटवर बसलो आणि डावा पाय मांडी घालून वर घेतला. असा किती वेळ बसलो माहीत नाही. बाहेर माणसं जमली होती.

पुढच्या खेपेला शहाद्याचा मिस्त्री मी तिथे घेऊन गेलो. तो मोटारीखाली शिरला.

"काय शे?" मी विचारलं.

"दोन वाट्या शेतस, तोंडले तोंड लायेल. मधमा तेल. एक वाटी तेल घुसळस, दुसरी तेना जोरवर फिरस. क्लच नहीच. गिअर आपलं आपण पडस."

"आपल्या ट्रकले लागी?"

"लागाव नही." तो बाहेर आला, अंग झटकलं. "पन लावसूत."

वाड्याच्या मालकाला मी त्या खेपेचे सगळे घड दिले आणि वर पुढच्या हंगामाचा शब्द दिला. गिअरबॉक्स बैलगाडीत घालून आणला. बाजारात मी सांगायचो, की वाटेत एका चढावर बैल थकले तेव्हा त्या गिअरबॉक्सनेच गाडी ढकलली.

मिस्त्रीने एकच अट घातली. "डबा उघाडाना नही. उघाडा ते बंद कराले अमेरिकाथून माणूस बलावना पडी." खरं काम डब्याबाहेर होतं. आमच्या इंजिनाची भोकं एका मापाची, त्या डब्याची दुसऱ्या. मध्ये जाड लोखंडी तबकडी हवी होती. कापसाचा हंगाम संपलेला, जिनिंगमधला लेथ रिकामा होता. तिथे ती तबकडी कातून घेतली. एकदा चुकली, दुसऱ्यांदा बसली. चारी चाकांना जोर वाटणारा डबा आमच्या ट्रकात वेगळाच होता, म्हणून त्याला हात लागला नाही. फक्त मधला शाफ्ट कापून आखूड केला. पातळ तेलाचे डबे सुरतेहून आले. क्लचचं पेडल मिस्त्रीने काढून दादाच्या हातात दिलं. दादाने ते उलटसुलट करून पाहिलं आणि ओट्याखाली सरकवून दिलं.

गिअरच्या दांडीवर इंग्रजी अक्षरं होती. दादाला ती वाचता येत नव्हती. मी चुन्याने चार खुणा लिहिल्या: मोकळी, चाल, डोंगर, मागे.

दादा वर चढला. दांडी 'चाल'वर ओढली आणि ब्रेक सोडला. ट्रक हलकेच निघाला, लग्नात नवरी निघते तसा. शेताच्या बांधापर्यंत जाऊन परत आला. वहिनी दारात उभी होती. ती आत गेली आणि त्या दिवशी ताट रिकामं झालं.

पहिली फेरी तोरणमाळाचीच, यावर दादा हटून बसला. मागे मिठाची पोती आणि पोत्यांवर बाजार करून परत निघालेली डोंगरातली माणसं, बायाच जास्त. घाट लागतो तिथे वाघदेवाचा दगड आहे. शेंदूर लावलेला, भोवती नवसाचे मातीचे घोडे. त्या जागेचा नियम सगळे ड्रायव्हर पाळत. देवापुढे इंजिन घुरघुरत ठेवायचं नाही, ते बंद करायचं. आणि चाक ज्याच्या हातात, त्यानेच अनवाणी उतरून नारळ फोडायचा. दुसऱ्याच्या हाताचा नारळ चालत नसे.

आता आमच्या भागातल्या एकाही ट्रकचा हँडब्रेक कधी चालला नाही. त्याची गरजही कुणाला वाटली नाही. इंजिन बंद करायचं, पहिल्या गिअरमध्ये टाकायचं, की ट्रक चढावर खिळ्यासारखा उभा. अशी शेकडो वेळा दादाने गाडी तिथे उभी केली होती. त्या दिवशीही दगडाच्या थोडं पुढे नेऊन थांबवली, दांडी 'डोंगर'वर टाकली, इंजिन बंद केलं. एका पायातली चप्पल काढली, दुसरा पाय लाकडाचाच होता, आणि नारळ घेऊन काठी टेकत मागे दगडाकडे गेला. मी रेडिएटरसाठी बादली घेऊन झऱ्यावर गेलो.

इंजिन बंद झालं की आतल्या तेलाचा दाब जातो आणि त्या डब्याची मूठ सुटते, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. ट्रक क्षणभर उभा राहिला. मग मागे सरकू लागला.

मी झऱ्यावरून पाहिलं. वर बाया बसलेल्या, त्यांना अजून कळलेलं नाही. मागे वळण, वळणाखाली दरी. मी बादली टाकून धावलो. मी पोहोचणार नाही, हे मला धावतानाच कळत होतं.

दादाने काठी टाकली. नारळ टाकला. जमिनीवर बसला आणि सागाचा पाय मागच्या चाकाखाली सारला.

चाक लाकडावर चढलं. पट्टे तुटल्याचा आवाज झाला, मग लाकूड चिरल्याचा. आणि ट्रक थांबला.

बाया उड्या टाकून उतरल्या आणि मिळेल तो दगड चाकांमागे रचू लागल्या. मी दादाला काखेत धरून मागे ओढलं. मांडीवर रक्त नव्हतं. पाय चाकाखाली, दादा माझ्या हातात.

पोत्यांवरून डोंगरातल्या पावरा जमातीचा एक म्हातारा सावकाश उतरला. चाकाखाली वाकून पाहिलं. बाजारात शिकलेल्या अहिराणीत म्हणाला, "डायवर, देवले नारळ जोयजे व्हता. तू ते पाय दी टाका!"

कुणी हसलं नाही. दादा हसला. पाय कापल्यापासून पहिल्यांदा.

मी म्हटलं, "दादा, तू मागे बस. खाले निरोप धाडीसन मिस्त्रीले बलावसूत."

"कसाले?"

"पाय?"

"गाडीले पाय कोठे लागस आते?" तो म्हणाला. "मले फक्त वर बसाड."

मी त्याला पाठीवर घेतलं. आधी त्याने नारळ मागून घेतला. मीच त्याला तसाच पाठीवर घेऊन दगडापाशी गेलो, वाकलो, आणि त्याने माझ्या खांद्यावरून हात लांब करून फोडला. मग मी त्याला स्टिअरिंगमागे बसवलं आणि इंजिन सुरू झालं. दगड काढले, सगळी वर चढली, आणि एका पायाच्या ड्रायव्हरने तो घाट चढवला. मी शेजारी बसून रिकाम्या जागेकडे बघत होतो, जिथे पूर्वी क्लच होता, आणि जिथे आता त्याचा पायही नव्हता.

इंजिन बंद करून दांडी 'मागे'वर टाकली की आतला एक दात अडकतो आणि ट्रक जागचा हलत नाही, हे मिस्त्रीने नंतर शोधलं. तरीही त्यानंतर दोन दगड सीटखाली कायम असत.

आम्ही वरून परत आलो तेव्हा फुटलेला पाय चाकाच्या जागी नव्हता. बायांनी तो ट्रकात चढण्याआधीच वाघदेवापाशी, मातीच्या घोड्यांमध्ये उभा करून ठेवला होता. दादाला उतरवायला मी पाठ पुढे केली, तेव्हा तोच म्हातारा, आमच्याबरोबर खाली निघालेला, म्हणाला, "ऱ्हाऊ दे. तुना पाय तठे उभाच शे. नारळ आठथून, गाडीमायीन दे."

सुताराने दुसरा पाय करायला घेतला होता. दादाने नको म्हणून सांगितलं. घरात कुबडी, ट्रकात काही नाही. तो बरीच वर्षं तोरणमाळावर गेला आणि दर वेळी नारळ खिडकीतून दिला. विहिरीचं पाणी त्याने परत विचारलं नाही. वहिनीने मात्र कठडा बांधून घेतला, आणि तो बांधताना दादानेच बसल्या जागेवरून गवंड्याला ओळंबा कुठे चुकतोय ते सांगितलं.

दादा गेल्यावर मी एकदा वाघदेवापाशी थांबलो. सागाच्या पायाला वाळवी लागली होती. चामड्याच्या पट्ट्याचं बक्कल तेवढं उरलं होतं. त्यालाही कुणीतरी शेंदूर लावला होता.