तेराव्याला फुटलेलं हसू

तेराव्याच्या दिवशी घरात हसू फुटलं, की सगळे आधी एकाच माणसाकडे बघतात. परवा आमच्या दादाच्या तेराव्याला तसंच झालं. जेवणं उरकून आम्ही सतरंजीवर सुपारी कातरत बसलो होतो. दादाचा मित्र बापू सांगत होता, की लग्नानंतर गावी जाताना दादा चहाला एसटीतून उतरला अन् गाडी सुटली. "कसला धावला होता मागं!" आम्ही हसलो, आणि चपापून वहिनीकडे पाहिलं. दादा गेल्यापासून ती कुणाशी बोललीच नव्हती हो, आम्हाला तोच घोर लागला होता.

"धावले कुठले, भावजी!" वहिनी एकदम म्हणाली. "आरामात दुसरा कप मागवला. नवी नवरी असून मीच आरडाओरडा करून गाडी थांबवली!"

मला वाटलं, गेलेल्या माणसाबद्दल आपण जपून बोलतो, मागच्यांना दुखू नये म्हणून. पण त्याचं काही चुकीचं सांगितलं, तर तेही त्यांना सोसवत नसेल. त्याची बाजू घ्यायला आता तेच उरलेले असतात ना.

बापूनं ते ओळखलं असावं. पुढची गोष्ट त्यानं मुद्दामच चुकीची सांगायला घेतली.