चांगुणाबाईची ओळ

माझा सासरा गेला तेव्हा मी रडले नाही, आणि आजही त्याच्या फोटोला हार घालायचा म्हटलं की माझ्या कपाळावर आठी चढते. गावात म्हाळूबुवा म्हणून त्याचा मोठा मान. भीमगीतांची पार्टी होती त्याची. वरवंडपासून पाबळपर्यंत लोक गाडी पाठवून बोलवायचे. घरात मात्र बाईनं तोंड उघडलं की बुवाचं डोकं फिरायचं.

माझी सासू चांगुणाबाई त्याच पार्टीत मागं कोरसला उभी राहायची. पार्टीची एकच रेकॉर्ड निघाली. तिच्यावर नाव म्हाळूबुवाचं, पण शेवटच्या कडव्यातली एक चढी ओळ सासू एकटी गायली होती. केंदूरच्या कार्यक्रमात लोकांनी धोशा लावला, ती वरची ओळ म्हणणारी बाई पुढं आणा. त्या दिवशी घरी येऊन बुवानं रेकॉर्डवर नेमका त्याच जागी खिळा ओढला आणि चारचौघांत सांगितलं, बायकोनं आपटली. त्यानंतर ती कधी एकटी गायली नाही. मलाही हे कळलं ते एका भांडणात, 'तू काय सोसलंयस गं?' असं ती माझ्यावर खेकसली तेव्हा.

नवऱ्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. महेंद्र दौंडला रेल्वेत आहे, जयंती मंडळाचा अध्यक्षही आहे, आणि बाप म्हणजे त्याचा देव. यंदा मंडपात बापाची रेकॉर्ड वाजवायची म्हणून त्यानं रेकॉर्ड प्लेअर घ्यायचं काढलं. रेकॉर्ड सासूच्या ट्रंकेत. ती म्हणाली, "मी बी येनार. समदं गाणं अखंड वाजंल तेच मशीन घ्यायचं."

"आपटायची तू, आन् आता अखंड पायजे!" महेंद्र म्हणाला.

सासूनं रेकॉर्ड पदरात गुंडाळली. मरायच्या आत लेकाच्या कानावर ती एक ओळ पडावी, एवढंच तिला हवं होतं. माझं तिच्यावर प्रेम नाही, पण त्या दिवशी मी तिच्या बाजूनं होते.

शिरूरला बिलालचं साउंड सिस्टिमचं दुकान आहे. त्यानं आधी लाल पेटीवाला प्लेअर लावला, आतच स्पीकर असलेला. महेंद्र बघताक्षणीच पाघळला. बुवाचा आवाज घुमला, शेवटचं कडवं आलं, आणि सुईनं उडी मारून ओळ गिळली.

"आबांचा आवाज खणखणीत हाय. हेच बांधा," महेंद्र म्हणाला.

"न्हाई," सासू म्हणाली.

"एका वळीनं काय बिघडतंय गं?"

"तुमचं न्हाई बिघडत," मी म्हणाले. "दुसरा दाखवा हो, बिलालभाऊ."

दुसऱ्यावरही सुई उडाली. तेव्हा महेंद्रनं खिशातून नाणं काढलं आणि सुईच्या दांडीवर ठेवलं. जुने लाउडस्पीकरवाले असंच करायचे, म्हणजे सुई हलत नाही. सुई हलली नाही खरी. त्या ओरखड्यातच रुतून करकर खरवडू लागली. सासूनं त्याच्या हातावर चापट मारली.

"बापाचाच हात तुझा!"

"आबांना मधी आनू नको! धसमुसळी तू, आन् बोल त्यांना?" भर दुकानात तो मायवर ओरडला. बिलाल मान खाली घालून वायरी गुंडाळत बसला. मला त्या क्षणी नवऱ्याची लाज वाटली, आणि रागही आला.

तिसरा प्लेअर काळा, साधा. दांडीच्या मागं वजन होतं; ते फिरवून बिलालनं सुईचा दाब बेताचा केला. "ह्याला स्पीकर अलग लागंल, आन् मंडपात शोभा बी न्हाई," महेंद्र कुरकुरला. "लावा," मी म्हणाले. घरी जाऊन भांडायची माझी तयारी होती.

शेवटचं कडवं आलं. सुई ओरखड्यावर टक्‌ टक्‌ वाजली आणि पुढं गेली. ओळ आली. कोवळा, धारदार आवाज चढत गेला, आणि बुवाचा आवाज त्याच्यापुढं फिका पडला.

महेंद्रची कुरकुर थांबली. गाणं संपल्यावर तो बिलालला म्हणाला, "ही बाई कोन रं? आपल्या पार्टीतली न्हाई. आबांनी मुंबैवरनं आनली असंल."

सासूचा घसा आता पार बसलाय, त्यामुळं तिचं बोलणं ऐकायला त्याला वाकावं लागलं.

"चांगुणा नाव तिचं. तुझ्या बापानं खिळ्यानं मारली तिला."

मग बिलालकडं वळून ती म्हणाली, "परत लाव. ह्याला ऐकू दे."