खडूच्या रेघेतलं टेबल

आमच्या सासूबाईंना घरातलं काही बिघडलेलं चालत नाही, आणि ते दुसऱ्या कुणी दुरुस्त केलेलं तर मुळीच चालत नाही. मी लग्न होऊन आले त्याच आठवड्यात माझा केस वाळवायचा ड्रायर नाहीसा झाला. नवी नवरी म्हणून मी मूग गिळून बसले. पुढे तो सापडला गॅरेजमध्ये, त्यांच्या टेबलावर, एका जुन्या गाडीच्या सर्किट बोर्डावर गरम वारा सोडत.

"गरम झाल्याशिवाय याचं दुखणं कळत नाही गं," सासूबाई म्हणाल्या. तेव्हापासून मी केस उन्हात वाळवते.

गॅरेज त्यांच्या धाकट्या दिरांचं, म्हणजे माझ्या चुलतसासऱ्यांचं, काकांचं. पुढे गाड्या, मागे खिडकीखाली सासूबाईंचं टेबल. तरुणपणी त्या रेडिओच्या कारखान्यात सोल्डरिंग करायच्या. कारखाना बंद पडला तशा बरोबरच्या बायका घरी बसल्या; या आपली सोल्डरिंग गन पिशवीत घालून दिराच्या दारात उभ्या राहिल्या. जुन्या गाड्यांच्या डॅशबोर्डामागे पत्र्याचे छोटे डबे असतात, डब्यात हिरवं बोर्ड. वर्षानुवर्षं तापून आणि निवून त्यावरचे कथलाचे टाके तडकतात आणि गाडी हटून बसते. नवा डबा बाजारात मिळत नाही. मग लोक इथे येतात. सासूबाई डोळ्याला भिंग लावतात, राखाडी पडलेला टाका शोधतात, जुनं कथील काढून नवं भरतात. टाका गरम असताना कुणी फुंकर घातली तर खवळतात. "फुंकर चहाला घाला!" बोर्ड घासायला त्या टूथब्रश वापरतात. तो माझ्या नवऱ्याचा असतो, हे त्याला अजून माहीत नाही.

यंदा काकांच्या डोक्यात टायर बदलायचं यंत्र शिरलं. यंत्राला जागा हवी आणि जागा म्हणजे तेच टेबल. कानामागून आली आणि तिखट झाली, असं ते यंत्र मला न बघताच वाटलं.

"वहिनी, जुन्या गाड्या किती दिवस राहणार?" काका म्हणाले. "आता घरी आराम करा."

"मी दमले असं तुम्हाला कुणी सांगितलं, भाऊजी?"

नेमकी तेव्हाच बेकरीवाल्याची जुनी गाडी कुणीतरी दोरीने ओढत आणली. ती सकाळी गुमान सुरू व्हायची आणि पावांची निम्मी फेरी झाली की भर रस्त्यात मरायची. गार झाली की पुन्हा सुरू. दोन गॅरेजवाल्यांनी हात टेकले होते. काकांनी तेव्हाच शब्द दिला: "ही गाडी पूर्ण फेरी मारून आली तर टेबल तुमचं. नाही तर शनिवारी यंत्र बसेल." आणि खडू घेऊन टेबलाभोवती यंत्राच्या मापाची चौकट आखूनही टाकली. टेबलापेक्षा चांगली दोन हात मोठी.

मला इतका राग आला की मी काकांना दिलेला चहा परत न्यायच्या बेतात होते. सासूबाईंनी चौकटीकडे पाहिलंसुद्धा नाही. गाडीतला डबा काढून उघडला, बोर्ड बाहेर घेऊन रिकामा डबा बाजूला ठेवला, बोर्डाला टेबलावरचा छोटा दिवा जोडला, म्हणजे बोर्ड चालतंय तोवर दिवा लागलेला. मग माझ्या ड्रायरने बोर्ड तापवलं, ब्रशच्या दांडीने ठोकलं. दिवा डगमगला नाही. तरी त्यांनी संशयित टाके झाडून सगळे नवे केले, डबा बंद करून गाडीत बसवला आणि बेकरीवाला हॉर्न वाजवत गेला.

दुपारी तीच गाडी लोकांनी ढकलत आणली. शेवटचा धक्का मारायला काका स्वतः पुढे झाले, आणि त्यांना फार वाईट वाटत होतं असं काही मला दिसलं नाही.

सासूबाईंनी पुन्हा डबा उघडला. पुन्हा दिवा, पुन्हा ड्रायर, पुन्हा ठोकाठोकी. दिवा आपला सुखाने जळतोय. त्यांनी भिंग काढून ठेवलं. त्यांचे हात मांडीवर रिकामे पडलेले मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. आरामाने या बाईचा जीव जाईल, हे काकांना कळत नव्हतं, मला कळत होतं.

"इथे शहाण्यासारखं वागतं आणि तिथे गेलं की बंद," त्या म्हणाल्या.

तोंडाला आलं ते मी बोलून गेले. "तुमच्या मुलासारखं झालं, आई. बाहेर सगळ्यांशी गुलूगुलू बोलायचं आणि घरात शिरलं की तोंडाला कुलूप."

एरवी मुलाबद्दल असं बोललं की मला दोन शब्द ऐकावे लागतात. आज त्या माझ्याकडे बघत राहिल्या, मग बाजूला पडलेल्या डब्याकडे.

"घरात शिरलं की," त्या पुटपुटल्या. "अगं, मी याला घराबाहेरच तपासतेय!"

कारखान्यापासूनची सवय. बोर्ड उघडं ठेवून तपासायचं, डबा सगळ्यात शेवटी. काखेत कळसा आणि गावाला वळसा! त्यांनी दिवा जोडलेला ठेवून बोर्ड डब्यात बसवलं, वरून ड्रायर चालू ठेवला आणि एकेक स्क्रू आवळायला घेतला. पहिला, दिवा चालू. दुसरा, तिसरा, चालू. चौथा आवळला आणि दिवा विझला. सैल केला, लागला. आवळला, विझला.

"सापडलास!" सासूबाई ओरडल्या. पुढचे सगळे मेकॅनिक गाड्यांखालून बाहेर आले.

त्या कोपऱ्याखालचा वायसर, ती छोटी चकती, कुणीतरी कधीतरी हरवला होता. स्क्रू आवळला की बोर्डाचा कोपरा वाकायचा आणि तिथल्या तांब्याच्या पट्टीला गेलेली केसाएवढी चीर ताणली जायची. गार असताना ती तग धरायची, गाडी तापली की पार उघडायची. सासूबाईंनी वरचं लाखेसारखं आवरण ब्लेडने खरवडलं, चिरेवर तांब्याची बारीक तार आडवी ठेवली, गन टेकवली. कथील वितळून तारेभोवती पसरलं. कुणी फुंकर घातली नाही. कुणी श्वासही घेतला नाही, खरं सांगायचं तर. मग त्यांनी नवा वायसर घातला आणि चारही स्क्रू करकचून आवळले. दिवा लख्ख.

फेरीला त्या स्वतः पुढच्या सीटवर बसल्या. मागे पावांच्या क्रेटांमध्ये मी, कारण हे बघायचं मी सोडणार नव्हते. भर ऊन, चढ, प्रत्येक दुकानासमोर इंजिन बंद आणि पुन्हा चालू. गाडी जिथे रोज मरायची त्या चौकात बेकरीवाल्याने मुद्दाम इंजिन बंद केलं. किल्ली फिरवली आणि ती पहिल्याच झटक्यात उठली. तो "मावशी!" म्हणून असा ओरडला की शेजारच्या गाडीवाल्याने दचकून ब्रेक दाबला. मी मागे क्रेट बडवत होते. सासूबाई समोर रस्त्याकडे बघत होत्या आणि त्यांचे डोळे वाहत होते.

आम्ही हॉर्न वाजवत परतलो. काका शब्दाचे पक्के, एवढं मानायला हवं. ते ओलं फडकं घेऊन वाकले आणि खडूची चौकट पुसायला लागले.

"राहू द्या, भाऊजी," सासूबाई म्हणाल्या. "माप चांगलं घेतलंय तुम्ही. सुताराला सांगते, टेबल रेघेपर्यंत वाढवून दे म्हणून."