बगळ्याचं नाणं

आमच्या बोटीच्या तिकीटघराला दोन खिडक्या आहेत. एकीत काकू बसतात, दुसरीत मी. साहित्यात एम.ए. करून इथे आले, तेव्हा काकूंनी पहिल्याच दिवशी माझं बारसं केलं. "ए साहित्य, सुटे दे." आता धक्क्यावरचे खलाशीही मला साहित्यच म्हणतात.

काकूंचे सुटे फार लवकर संपतात, कारण त्यांना नाणी देववत नाहीत. हातात आलेल्या नाण्याच्या कडेवरून त्यांचा अंगठा फिरतो. मग नाणं उभं धरून त्या वरून खाली उलटतात. मागची बाजू सरळ आली पाहिजे. तिरकी आली, तर ते नाणं त्यांच्या मांडीवर जातं आणि पर्समधलं चांगलं नाणं गल्ल्यात पडतं. रांग ओरडते, "काकू, बोट सुटेल!"

"मी तिकीट दिल्याशिवाय कुठे सुटते ती?"

काकू टांकसाळीच्या चुका जमवतात. बिस्किटांच्या एका डब्यात मऊ कागदात गुंडाळलेली त्यांची नाणी आहेत. एकावरचा आकडा कडेकडे घसरलाय, अर्धा बाहेरच राहिलाय. एकाचा उंदरानं चावा घ्यावा तसा तुकडा गेलाय. एका नाण्यावर अक्षरं दोनदा उमटली आहेत, चष्मा विसरल्यासारखी. सगळी गल्ल्यात आलेली. एकही विकत घेतलेलं नाही. "विकत घेतलेलं म्हणजे दुसऱ्याला सापडलेलं," असं त्या म्हणतात. नाणं कडेनंच धरायचं आणि कधीच घासायचं नाही, हे दोन नियम त्यांनी मला बोटांवर मारून शिकवले.

एक नाणं मात्र त्यांना कधी मिळालं नव्हतं. आमच्या नाण्यावर एका बाजूला बगळा असतो, दुसऱ्या बाजूला आकडा. कधीतरी टांकसाळीत ठोकलेलं नाणं ठशालाच चिकटून राहतं. त्याच्याखाली पुढची चकती येते आणि घाव बसतो. मग त्या चकतीवर एका बाजूला नेहमीचा उठावाचा बगळा येतो आणि दुसऱ्या बाजूला तोच बगळा, पण आत गेलेला आणि उलट्या तोंडाचा. आकडा कुठेच नसतो. काकूंनी तसं नाणं एकदा एका प्रदर्शनात काचेखाली पाहिलं होतं. त्याबद्दल बोलताना त्यांचा आवाज खाली येतो. माहेरच्या माणसाबद्दल बोलताना येतो तसा.

काकूंना आणखी एक विषय आहे. धाकटी जाऊ.

घर एकच. वरच्या मजल्यावर काकू, खाली धाकटी. धाकटीचं धक्क्याच्या रस्त्यावर झेरॉक्सचं दुकान आहे. तिच्या हाताला यश आहे असं सगळे म्हणतात, आणि ते काकूंना सगळ्यांनी सांगून झालंय. तिनं काडी खोचली तरी झाड होतं. तिनं डाळीला फोडणी दिली की सासूबाई वाटी पुढे करतात. "ती काही करत नाही गं," काकू मला म्हणाल्या होत्या. "ती नुसती उभी राहते. वस्तू तिच्याकडे चालत येतात."

एका सकाळी धाकटी काकूंचा घरी विसरलेला जेवणाचा डबा घेऊन तिकीटघरात आली. जाता जाता थांबली. "अगंबाई, विसरलेच. ताई, हे बघा काय आलंय गल्ल्यात. दोन्हीकडे बगळाच. एक आत गेलाय."

तिनं ते आधी माझ्या नाकासमोर नाचवलं, मग काकूंच्या हातात दिलं.

काकूंनी भिंग डोळ्याला लावलं. खूप वेळ लावलं. त्यांचे कान लाल होताना मला दिसले. मग त्यांनी भिंग खाली ठेवलं आणि अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "खोटं आहे."

"खोटं म्हणजे?"

"कुणीतरी दोन नाणी एकावर एक ठेवून लोखंडी पकडीत आवळलीत. वर्कशॉपमधली पोरं करतात असले उद्योग. ठेव इथेच. मी तुला चांगलं देते."

"राहू द्या की. खोटं असलं तरी गोड आहे." धाकटीनं ते काकूंच्या बोटांतून काढून घेतलं. "भोक पाडून गळ्यात घालते. किल्लीवाल्याकडे ड्रिल आहे. येते हं."

ती गेली. मी काकूंकडे बघत राहिले.

"काकू, पकडीत आवळलेल्या नाण्यात जुना आकडा चेपलेला तरी दिसतो ना? तुम्हीच सांगितलं होतं. त्यात आकडाच नव्हता."

"तुला कुणी विचारलंय?"

मला कुणी विचारलं नव्हतं. या बाईनं एकदा गर्दीच्या वेळी खिडकी सोडून एका म्हातारीला तिचे उरलेले पैसे बोटीपर्यंत नेऊन दिले होते. तिच्याबद्दल काय विचार करायचा तेच मला कळेना.

बोट भरली. काकूंनी एकाला दोन तिकिटं दिली आणि दुसऱ्याला एकही नाही. त्यानं कटकट केली तर त्याच्यावरच खेकसल्या. बोट सुटली. धक्का रिकामा झाला.

"आजच पाडेल का गं ती भोक?" त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं.

"त्या काम उद्यावर टाकत नाहीत."

"तेही कौतुक आहेच तिचं."

त्या नखानं टेबलाचा रंग खरवडत राहिल्या. बाहेर कुठेतरी ड्रिलचा घूं असा आवाज आला. तो किल्लीवाल्याचाच असेल असं नाही. पण काकू उठल्या. खिडकीची झडप धाडकन खाली आली. त्यांना इतकं भरभर चालताना मी कधी पाहिलं नव्हतं. मीही माझी झडप पाडली आणि मागे धावले.

किल्लीवाल्यानं नाणं लाकडावर ठेवून चिमट्यानं दाबलं होतं. ड्रिलचं टोक बगळ्याच्या मानेवर होतं. धाकटी शेजारी स्टुलावर बसून दोरा निवडत होती. लाल की काळा.

"थांबव ते!"

किल्लीवाल्यानं दचकून बटण सोडलं. "अहो काकू, बोट जाईल माझं."

"ताई? काय झालं? घरी सगळं ठीक ना?"

"भोक पाडू नकोस."

"का? खोटंच आहे ना?"

काकूंना दम लागला होता. किल्लीवाला बघत होता. शेजारचा छत्रीवालाही बघायला आला होता. काहीही सांगता आलं असतं. पुन्हा एकदा नीट बघते म्हणता आलं असतं. मला वाटलं, त्या तेच म्हणतील.

"खरं आहे," काकू म्हणाल्या. "शंभर टक्के खरं. मला पहिल्या नजरेत कळलं होतं."

"मग खोटं का म्हणालात?"

"तुला सापडलं म्हणून."

धाकटीच्या हातातला दोरा सुटत सुटत जमिनीवर गेला. मग ती हसली, पण ते तिचं नेहमीचं हसू नव्हतं.

"एवढंच ना? मग घ्या तुम्हीच. मला काय करायचंय त्याचं?"

आणि तिनं खरंच चिमट्याखालचं नाणं काढून पुढे केलं. अंगठा बगळ्याच्या पोटावर ठेवून. काकूंचा हात अर्धा वर आला होता. मी तो पाहिला. मग तो खाली गेला.

"कडेनं धर," त्या घोगऱ्या आवाजात म्हणाल्या. "घासू नकोस. मऊ कागदात ठेव."

परत येऊन खिडकीत बसल्यावर काकू एवढंच म्हणाल्या, "कशी पटकन देऊन टाकते बघ. मला तेही जमलं नसतं."

मला वाटलं, प्रकरण संपलं. पण सुट्टीच्या दिवशी काकू झेरॉक्सच्या दुकानात जाऊन बसायला लागल्या. मदतीला, असं त्या म्हणतात. गल्ल्याजवळची खुर्ची त्यांनीच धरली. धाकटीनं हरकत घेतली नाही. फक्त पहिल्याच दिवशी गोड आवाजात सांगितलं, "ताई, बघा हवं तितकं. पण दुकानात निघालेलं दुकानाचं हं."

ती आता स्वतःही बघते. नाणं उभं धरून उलटते. भिंगही घेतलंय, काकूंच्यापेक्षा मोठं. काकूंच्या पोटात दुखलं ते त्यांनी माझ्यापासून लपवलं नाही.

परवा मी झेरॉक्स काढायला दुकानात गेले, तेव्हा धाकटीनं एक नाणं काकूंपुढे केलं. एका कडेला दाबलेलं, बगळ्याचं डोकं नसलेलं. काकूंनी बघितलं. मला पुढे केलं. मीही बघितलं. कडेवर हातोडीचे घाव स्पष्ट दिसत होते.

"टांकसाळीतलं नाही हे," काकू म्हणाल्या. "बाहेर कुणीतरी ठोकलंय."

धाकटीनं त्यांच्याकडे टक लावून बघितलं. "असं का?"

"अगं, खोटं आहे."

"बरं बरं." तिच्या गालात हसू होतं. "मग ठेवते मी."

"देवाशपथ सांगते. ए साहित्य, तू सांग हिला."

"खोटंच आहे हो," मी म्हणाले.

"तू तर त्यांचीच चेली," धाकटी म्हणाली आणि कागद फाडायला घेतला.

तिनं ठोकलेलं नाणं मऊ कागदात गुंडाळलं. अगदी कडेनं धरून, शिकवल्यासारखं. मग ड्रॉवरमधली डबी काढून तिच्यात त्या दोन बगळ्यांच्या नाण्याशेजारी ठेवलं. काकू ते बघत होत्या. एक गिऱ्हाईक आलं, दोन पानांच्या प्रती मागितल्या आणि गल्ल्यात नाणी टाकली. काकूंचा अंगठा आपोआप कडेवरून फिरायला लागला.