खांबाला बांधलेली बकरी

त्यांनी मला खुर्ची दिली. बसायला नाही. उभं राहायला.

"चढ वर," समितीचे अध्यक्ष साहेब म्हणाले. "मागच्याइले दिसत नाही."

यवतमाळच्या रेस्ट हाऊसचा पोर्च. जेवणं झालेली. विधिमंडळाच्या समितीचे आमदार वेताच्या खुर्च्यांत पसरलेले, दातांत काड्या. माझ्यासाठी आतून लाल प्लास्टिकची खुर्ची आली. ती मळू नये म्हणून मी चपला काढल्या आणि चढलो. नातवंडांचा आजा मी. मिशा पिकलेल्या.

"हं. आता ते बकरीवालं होऊ दे."

मी ढाणकीकडच्या एका तांड्यावरचा बंजारा. ऑटो चालवतो. चढावर प्रवासी उतरून ढकलतात, उतारावर मी देवाचं नाव घेतो, ब्रेकला त्रास देत नाही. उन्हाळ्यात आमच्याकडे डांबर असं वितळतं की चाकं रस्त्यात रुजतात. एका साली माझ्या मागच्या चाकाला पालवी फुटली होती, अर्धी ढाणकी पाहायला आलती. असं मी सांगतो. लोक भाडं देऊन ऐकतात.

तर बाप्पा, सरकार शाळांच्या पैशाचा कायदा बदलून राह्यलं. आजवर शाळा लहान असो की मोठी, तिला थोडी ठरीव रक्कम मिळायची, वर पोरांमागे काही. नव्या मसुद्यात ठरीव रक्कम गेली. जितकी डोकी तितकेच पैसे. आमच्या शाळेत डोकी कमी. दिवाळी झाली की आईबाप ऊस तोडायला जातात, पोरं सोबत जातात, आणि मोजणारे नेमके तेव्हाच उगवतात. मसुदा असाच पास झाला तर तांड्याची शाळा बंद. पोरं जातील ढाणकीला. पोरी नाही जाणार. नाल्यापलीकडे एकट्या पोरीला कोण धाडतो?

हे ऐकून घ्यायला समिती यवतमाळला आली होती. आमच्या शाळेच्या नसरीन बाईंनी वेळ मागून घेतली. गावातला एक माणूस सोबत पाहिजे होता, म्हणून मी.

"भाऊ, तुमाले बोलता येते," बाई म्हणाल्या होत्या.

ढाणकीच्या मेकॅनिकची लेक. घरात हिंदी, वर्गात मराठी, आणि पोरांशी आमची गोरबोली. तीही माझ्या बायकोपेक्षा शुद्ध.

सकाळी सुनावणीत आधी बाई बोलल्या. "पोरं निम्मी झाली म्हणून छप्पर निम्मंच गळत नाही, साहेब." दुसरा कोणी असता तर या एका वाक्यावर उठून उभा राहिला असता. समिती मोबाईल पाहत होती. एकजण जांभई देत होता, इतकी मोठी की तिच्यात माझा ऑटो उभा राहिला असता.

कोणी ऐकत नाही हे मला सोसत नाही. माझी पाळी आली आणि मी बकऱ्या काढल्या.

तपासणीच्या दिवशी वर्ग रिकामा, म्हणून आम्ही बाकांवर बकऱ्या बसवल्या. गळ्यात रुमाल. हजेरी सुरू. "काजल?" "बेंऽऽ." "आवाज काहून बसला?" "सर्दी झाली साहेब." एका बकरीनं इंग्रजीचं पुस्तक खाल्लं आणि दुसऱ्या दिवशी इंग्रजीत ओरडली. बोकड गणितात नापास झाला, त्यानं साहेबालाच शिंग मारलं. बाजारात शंभरदा सांगितलेली गोष्ट. मोबाईल खाली गेले. जांभईवाला पोट धरून हसला. अध्यक्ष साहेबांचा चहा नाकातून आला, आणि हे मात्र खरं आहे.

मग साहेबांनी चष्मा पुसला.

"म्हणजे तांड्यावर बकऱ्या बसवून पट भरतात. आणि वरून ठरीव रक्कम पाहिजे?"

"नाही साहेब, ते तर गंमत होती."

"गंमत? मंग समितीसमोर खोटं बोलून राह्यला का तू? एक कायतरी सांग."

मी नुसते हात जोडले.

"घ्या लिहून," ते बाजूच्या माणसाला म्हणाले. "तांड्यावर पट बोगस." आणि माझ्याकडे पाहून, अगदी लाडानं: "तुमच्या लोकाइचं सारं असंच राह्यते. पण माणूस मजेदार आहे."

आता खरं सांगतो. बकरी होती. एक. आमच्या शाळेतल्या काजलची. आईबाप उसाला गेले, काजल आजीजवळ राहिली, आणि बकरी चारायचं काम तिच्या गळ्यात पडलं. बकरी चारावी तर शाळा बुडते. बाई म्हणाल्या, बकरी घेऊन ये, व्हरांड्याच्या खांबाला बांध. बाई ढाणकीहून येताना पिशवीत सुबाभळीचा पाला आणायच्या. काजलची शाळा चुकली नाही.

यात हसण्यासारखं काही नव्हतं. म्हणून मी एकीच्या दोन केल्या, दोनाच्या वर्गभर.

सकाळीच कळलं होतं मला, माझ्या बकऱ्यांनी काय खाल्लं ते. तरी जेवणानंतर साहेबांनी हाक मारली, मी खुर्चीवर चढलो, आणि सांगितलं. सकाळपेक्षा रंगवून. धाकानं सांगितलं असं म्हणता आलं असतं. पण नाही. हसू ऐकलं की मला चढते. माझी शाळा मोडणाऱ्या माणसांना हसवताना मला मजा येत होती. समोर कडुलिंबाखाली नसरीन बाई डबा मांडीवर घेऊन बसल्या होत्या. डबा उघडला नव्हता.

"आता त्या काजल पोरीचा आवाज काढ," साहेब म्हणाले. "मायबाप उसाले जातात तवा कशी रडते ते. तुमच्या भाषेत."

तो आवाज मी ऐकला आहे. टोळीच्या ट्रकमागे काजल नाल्यापर्यंत पळत गेली होती. याडी, याडी. आमच्यात आईला याडी म्हणतात. मी तोंड उघडलं. आवाज गळ्यापर्यंत आला. मी तो काढणार होतो.

तोंड मिटलं.

"नाही काढत."

"काहून रे?"

"नाही."

"अबे, आत्ता तर बकरीवानी बोंबलत होता."

"बकरीचा काढला. पोरीचा नाही."

उतरलो. चपला जागेवर नव्हत्या, कोणीतरी पायानं सारल्या होत्या. सगळ्यांसमोर वाकून, खुर्च्यांखाली हात घालून शोधल्या. "बिघडलं वाट्टे," कोणी म्हणालं. त्यालाही हसले.

परतीच्या एसटीत आर्णी मागे पडल्यावर बाई बोलल्या.

"भाऊ, बकरी एकच होती."

"हो बाई."

"एकच सांगितली असती ना, तरी बस झालं असतं."

त्यांनी तोंड खिडकीकडे केलं. मी माफी मागितली नाही. मागितली असती तर तीही रंगवून मागितली असती.

मसुदा अजून सभागृहात गेलेला नाही. समिती पुढच्या महिन्यात पुसदला बसते. मला बोलावणं नाही. मी जाणार. तुझी गोष्ट सांगू का, असं काजलला विचारून आलो. ओट्यावर अभ्यास करत होती.

"सांगा काका," ती म्हणाली. "पण आवाज नका काढू."

बाजारात लोक म्हणतात, होऊ द्या बकरीवालं. मी सांगतो, एक होती, खांबाला बांधलेली. कोणी हसत नाही. काहीजण उठून दुसऱ्या ऑटोत बसतात. बसू द्या.

साहेब पुसदला विचारतील, यवतमाळला खोटं बोलला की आता? यवतमाळला बोललो, म्हणेन. समितीसमोर बोललो. त्याची जी शिक्षा असेल ती माझी, शाळेची नाही. आधी हे लिहा, मग बकरी लिहा, मग छप्पर लिहा.

खुर्ची दिली तर तिच्यावर बसून सांगेन. नाही दिली तर खाली फरशीवर बसून. उभा राहणार नाही.