सिंहाचं वजन

“मंडे कू तो झू बंद रहता, मॅडम.”

हैदराबादच्या लॉजच्या मॅनेजरने हे इतक्या सहज सांगितलं, की तो दुसऱ्याच कुणाशी बोलतोय असं मला वाटलं. मी इकडे जालन्यात, आमच्या ऑफिसशेजारच्या एसटीडी बूथमध्ये उभी होते. खोल्यांचं पक्कं करायला फोन लावला होता, बोलता बोलता सोमवारी सफारी बघणार म्हणून सांगितलं, आणि हे ऐकायला मिळालं.

“हर मंडे?” मी विचारलं.

“हर मंडे. जानवरां भी आराम करते ना.”

तो गुरुवार होता. आमची मिनीबस रविवारी सकाळी निघणार होती आणि सोमवारी अठरा माणसं सिंह बघणार होती. मी रिसीव्हर ठेवला आणि बूथमधल्या स्टुलावर बसले. बाहेर रांगेतल्या माणसाने काचेवर टकटक केली, तेव्हा उठले.

जुन्या जालन्यात मी आणि माझे यजमान, आम्ही दोघांनी मिळून पुष्कळ वर्षं ट्रॅव्हल्सचा धंदा केला. गाडी एकच, वीस सीटची. गाडी ते चालवायचे, बाकी सगळं मी चालवायचे, त्यांच्यासकट. ही गोष्ट नव्वदच्या दशकाच्या मध्यावरची, धंदा नवीन असतानाची. आमच्या धंद्यात गिऱ्हाइकाला पार्टी म्हणतात. पार्टी म्हणजे बुकिंग करणारा एक माणूस आणि तक्रार करणारी बाकीची सगळी.

ही पार्टी रामभाऊंची होती. रामभाऊ मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, मापाडी होते. शेतकऱ्याच्या ढिगाची सकाळी हर्राशी होते, म्हणजे बोली लागते. मग मापाडी पोतं अन् पोतं काट्यावर तोलतो. हे काम लायसनवाल्या मापाड्यानेच करायचं, दुसऱ्या कुणी काट्याला हात लावायचा नाही. मोजताना मापाडी पहिल्या पोत्याला ‘एक’ म्हणत नाही, ‘लाभ’ म्हणतो. लाभ, दोन, तीन. सुरुवात शुभ व्हावी एवढाच त्यातला हेतू.

तीस वर्षं हेच केल्यामुळे रामभाऊंच्या डोळ्यांतच काटा बसला होता. पहिल्यांदा ऑफिसात आले, तेव्हा आमच्या यजमानांकडे बघून म्हणाले, “ब्याऐंशी. चपला धरून.” माझ्याकडेही एकदा बघितलं, पण काही बोलले नाहीत. माणूस समजूतदार आहे, हे मी तेव्हाच ओळखलं.

त्यांना सहल का हवी होती, तेही त्यांनी त्याच दिवशी सांगितलं. त्यांची थोरली सुनीता नऊ वर्षांची असताना तिने पुस्तकातलं चित्र दाखवून विचारलं होतं, “बाबा, सिंह किती किलोचा असतो?” गावाचं धान्य तोलणाऱ्या बापाला उत्तर देता आलं नाही.

“बघितल्याबिगर कसं सांगू?” रामभाऊ मला म्हणाले. “तिला म्हणलं, तुला दाखवतो, मंग सांगतो. हैदराबादला सिंह मोकळे फिरतात अन् आपण जाळीच्या गाडीत बसून त्यांच्यातून जातो, असं एक व्यापारी सांगत होता. पंधरा उन्हाळे झाले, वहिनी. एकदा बहिणीचं लगीन, एकदा मायचा पाय मोडला. दर साली पुढच्या साली.”

सुनीता आता आष्टीला सासरी होती, पदरात चार वर्षांचा मुलगा होता. उन्हाळ्यात माहेरी आली होती आणि बुधवारी परत जाणार होती. जावयाची बदली गडचिरोलीकडे झालेली. पुढचं माहेरपण कधी, कुणालाच माहीत नव्हतं.

“औंदा न्हाई तर मंग न्हाईच,” रामभाऊ म्हणाले.

मोंढा रविवारी बंद असतो आणि अमावस्येला बंद असतो. त्या महिन्यात अमावस्या सोमवारी आली होती. सलग दोन सुट्ट्या म्हणजे मापाड्याला दिवाळीच. रामभाऊंनी घरचं कॅलेंडर खिळ्यावरून काढून काखेत मारून आणलं होतं. त्यात आम्ही वार बघितला, तिथी बघितली. त्यांच्या आईने घरून निरोप दिला होता, अमावस्येला निघायचं नाही, म्हणून निघणं रविवारी ठेवलं. सगळं इतकं बराबर जुळलं, की सिंहाची सुट्टी कोणती हे विचारायचं कुणालाच सुचलं नाही. त्यात त्यांचं काही चुकलं नव्हतं. पंचांग बघणं पार्टीचं काम, फोन लावणं माझं. माझं काम मी केलं नव्हतं.

मी तशीच मोंढ्यात गेले. रामभाऊ काट्यापाशी होते. मी सांगितलं. त्यांनी हातातलं वजन खाली ठेवलं आणि उपरण्याने तोंड पुसलं. चिडले असते तर बरं वाटलं असतं.

“पोरीला काय सांगू?” एवढंच म्हणाले.

“काही सांगू नका. आपण रविवारीच बघू. शनिवारी संध्याकाळी सहाला निघायचं, सकाळी गेट उघडायला हजर. सुट्टीच्या गर्दीत उशीर झाला तर सफारीचा नंबर लागत नाही म्हणे.”

“शनिवारी?” रामभाऊ हसले, पण ते हसू खरं नव्हतं. “वहिनी, दोन दिवस बंद म्हणून सगळे शेतकरी शनिवारीच माल आणून राह्यले. दिवे लागतील वजनाला. अन् कुणाचा ढीग तसाच सोडून मी उठणार न्हाई. तो बिचारा दोन रात्री त्याच्यावर झोपंल का?”

हे त्यांचं बरोबरच होतं. मी म्हटलं, शनिवारचं शनिवारी बघू, आधी शुक्रवार निभावू द्या.

शुक्रवार परमिटचा होता. गाडी दुसऱ्या राज्यात न्यायची तर टेंपररी परमिट लागतं. त्यावर तारखा असतात, पॅसेंजर लिस्ट असते, आणि चेकपोस्टवर एका दिवसाचाही फरक चालत नाही. आमच्या परमिटवर रविवार होता. यजमान सकाळीच आरटीओत जाऊन बसले. क्लार्कने विचारलं, तारीख का बदलता? हे म्हणाले, सिंहाला सोमवारी सुट्टी असते. क्लार्कने ते वाक्य शेजारच्या टेबलाला ऐकवलं, तिथून ते साहेबापर्यंत गेलं, आणि दुपारी सही झाली. सरकारी ऑफिसात खरं बोलून काम झाल्याचा आमच्या धंद्यातला हा एकच प्रसंग.

संध्याकाळी रामभाऊंच्या घरी गेले, तर तिथे वेगळीच अडचण. त्यांची आई ओसरीवर पाय पसरून बसलेली.

“शनिवारी मी उंबरा ओलांडत न्हाई,” आजी म्हणाल्या. “तुमची गाडी हाय म्हणून शनिवार काय बुधवार होतो का?”

वाद घालून उपयोग नव्हता. माझ्या माहेरी अशा वेळी प्रस्थान ठेवायचे. निघायचा दिवस वाईट असला, तर आदल्या चांगल्या दिवशी थोडे तांदूळ, सुपारी आणि एखादं वस्त्र बांधून दुसऱ्याच्या घरी ठेवायचं. प्रवास तेव्हाच सुरू झाला असं धरायचं.

“आजी, आज शुक्रवार. आजच पस्तान ठेवा, माझ्या घरी.”

आजींनी माझ्याकडे नीट बघितलं. “कुण्या गावची गं तू?”

“राजूरची.”

“मंग बराबर,” आजी म्हणाल्या आणि सुनेला तांदूळ आणायला सांगितलं. ते गाठोडं मी घरी नेलं आणि आमच्या देवघरात ठेवलं. ह्यांनी विचारलं, हे काय? मी म्हटलं, रामभाऊंची आई हैदराबादला निघाली.

शनिवारी चार वाजता मोंढ्यातून निरोप आला, सात ढीग बाकी. मी घड्याळ बघितलं आणि ह्यांना म्हटलं, गाडी रामभाऊंच्या घरी जाऊ द्या, सगळ्यांना भरा आणि सरळ मोंढ्यात आणा. घरी जाऊन आंघोळ, चहा, निरोप, एवढ्यात रामभाऊंचा एक तास जातो. तो वाचवायचा.

आमची मिनीबस ज्वारीच्या ढिगांमधून वाट काढत अडत दुकानासमोर उभी राहिली. खिडक्यांतून पोरं, बायका, आमच्या देवघरातून परत आणलेलं गाठोडं मांडीवर धरलेल्या आजी. रामभाऊंनी वर बघितलं आणि त्यांचा आकडा चुकला. तीस वर्षांत पहिल्यांदा, असं हमाल नंतर सांगायचे.

“हे काय मापाडी, वऱ्हाड घेऊन निघाले का?” एका शेतकऱ्याने विचारलं.

सुनीताच्या मुलाने खिडकीतून डोकं काढून सांगून टाकलं, “आजोबा सिंह दाखवणारेत.”

मग जे झालं त्याचं श्रेय मला घेता येणार नाही. तो शेतकरी म्हणाला, “मंग थांबलात काय? धरा रे पोती.” ज्यांचं वजन होऊन गेलं होतं तेही थांबले. कुणी पोती भरायला लागलं, कुणी तोंडं शिवायला. काट्याला मात्र कुणी हात लावला नाही, तो रामभाऊंचाच. अडतवाले शेठ दुकानातून उठून बाहेर आले. मला वाटलं रागावतील. ते म्हणाले, “कडत्यावरून आज कुणी वाद घालू नका रे, गाडी उभी हाय.” कडता म्हणजे धूळ-कचऱ्यापोटी वजनातून जे वजा धरतात ते. एरवी त्यावरून मोंढ्यात रोज भांडणं. त्या दिवशी एक झालं नाही.

रामभाऊ ओरडायचे, “लाभ!” आणि गाडीतून सगळी पोरं ओरडायची, “लाभ!” शेवटच्या ढिगाला आजीही मोजत होत्या. सहा वाजून पाच मिनिटांनी रामभाऊ गाडीत चढले. भुवयांवर ज्वारीची धूळ तशीच. मला इतका आनंद झाला, की नारळ मीच फोडला.

हे रात्रभर गाडी चालवत होते. सकाळी गेट उघडलं तेव्हा आमचा नंबर रांगेत चौथा होता. खाजगी गाडी आत नेत नाहीत. त्यांची जाळीची बस असते, तिच्यातच बसायचं. आम्ही चढलो. यजमान मागे आमच्या मिनीबसच्या सीटवर आडवे झाले ते दुपारीच उठले.

सफारीच्या कुंपणाला दोन दारं आहेत. पहिलं मागे बंद होतं, मगच दुसरं पुढे उघडतं. दुसरं उघडलं आणि सगळे जाळीकडे सरकले. झुडपं, उन्हाने करपलेलं गवत, एक पाण्याचा हौद. सिंह कुठेच नाही. रामभाऊ जाळीला नाक लावून बसले होते. मी एकेक झुडूप न्याहाळत होते. आता सिंहच बाहेर आला नाही, तर त्याला कुणाचं परमिट आणायचं?

बस वळली. रस्त्याच्या कडेलाच एक मोठा नर बसला होता, आयाळ पसरून. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं.

“लाभ,” रामभाऊ हळूच म्हणाले.

सगळी बस हसली. सुनीता हसली नाही. ती उठून बापाच्या शेजारी जाऊन बसली आणि तिने विचारलं, “बाबा, किती किलोचा?”

रामभाऊंनी घाई केली नाही. सिंह उभा राहीपर्यंत थांबले. तो उठला, अंग झटकलं, चार पावलं चालला. रामभाऊंनी डोळे बारीक केले.

“एकशे ऐंशी.”

पुढे बसलेला गार्ड मागे वळला. “चाचा, पिछले महीने तोले थे हमलोगां. एक सौ अठहत्तर निकला.”

“बराबर हाय,” रामभाऊ म्हणाले. “दोन किलो कडता. आयाळीत धूळ लई हाय.”

सुनीताने बापाच्या खांद्यावर डोकं ठेवलं. ती हसत होती आणि डोळेही पुसत होती. चार वर्षांचा मुलगा दोघांच्या मध्ये घुसून विचारत होता, आता वाघ किती किलोचा?

त्यानंतर आमच्या बुकिंगच्या फॉर्मवर मी पहिला रकाना ‘तिथे सुट्टी कोणत्या वारी’ असा छापून घेतला. पार्टीचं नावसुद्धा त्याच्या खाली. धंदा बंद करेपर्यंत तो रकाना कधी रिकामा सोडला नाही.