पापडाची मजुरी शून्य

अक्षर वेडंवाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घाचा मला अजून भरवसा नाही, त्याबद्दल आधीच माफी मागते. वही मात्र चांगली आहे. धाकट्या भावाची, बारीक चौकटींची. तो तिच्यात आलेख काढायचा. उरलेली पानं मला मिळाली.

भाऊ जन्मला तेव्हा मी चौथीत होते. आई शेतात, तो माझ्या कडेवर. शाळा एकानेच करायची असं आपोआप ठरलं. त्याने ती दोघांची केली आणि अजून करतोच आहे. फौजेत मेजर झाला, तरी रजा घेऊन पुन्हा कॉलेजात बसला. मी विचारलं, इंजिनियर तर तू आहेसच, मग राहिलं काय?

"आक्का, इंजिनियरांकडून काम कसं करून घ्यायचं, ते शिकतोय."

मला वाटायचं, फौजेत हुकूम दिला की काम होतं. होत नसणार.

त्या शिक्षणाच्या शेवटी त्याला कुठलंतरी चालू काम सुधारून दाखवायचं होतं आणि त्याचा अहवाल लिहायचा होता. फौजेतलं काही लिहायला मनाई. म्हणून देशाचं गुपित नसलेलं काम शोधत तो एप्रिलमध्ये घरी आला, तर अंगणात आम्ही पापड लाटत होतो.

आमच्या गल्लीत उडदाचे पापड कोणी एकटी करत नाही. आठ घरं आहेत. सातजणी आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन माझ्याकडे येतात, मग मी एकेकीला तिचा दिवस परत देते. मला चारचौघांत बोलायला जमत नाही. नळावरही खाली बघून हंडा भरते. लाटणं हातात असलं की कोणी बोलायला लावत नाही, नुसतं ऐकलं तरी चालतं. वर्षभरात माणसांत बसायचे माझे तेवढेच आठ दिवस.

भाऊ घड्याळ घेऊन खुर्चीत बसला. शेजारची काकू म्हणाली, "भाऊ, तू पापड देखी ऱ्हायना का आम्हना हात?" सगळ्या हसल्या. ते हसणंही त्याने लिहून घेतलं. त्याला 'वाया गेलेला वेळ' म्हणतात.

मग त्याने रांगा लावल्या. दोघींनी फक्त लाट्या करायच्या, पाचजणींनी लाटायचं, एकीने खाटेवर वाळत घालायचं, आणि पाठीला पाठ करून बसायचं. दर वर्षी चार वाजायचे. त्या दिवशी बारालाच पीठ संपलं. भाऊ खूश.

"बारा वाजी गयात," काकू म्हणाली. "आते घर जाईसन काय करसूत?"

याला त्याच्या आलेखात चौकट नव्हती.

आठवड्याभरात कॉलेजातल्या सरांनी अहवाल परत पाठवला. भावाने लिहिलं होतं, मजुरी शून्य. सरांनी लाल शाईने विचारलं, शून्य मजुरीत आठ बायका काम कशा करतात?

मी म्हटलं, "मी दिवस परत देते ना."

"तसा रकाना नसतो, आक्का."

तो घरोघर जाऊन तीनशे रुपयांचं एकेक पाकीट देऊन आला आणि पावतीवर सह्या घेऊन आला. मेजरसाहेब दारात उभे, नाही कोण म्हणणार? मलाही एक दिलं. मीही सही केली. ऑफिसरपुढे मला बोलता येत नाही, मग तो माझ्या कडेवर वाढलेला का असेना.

दोन दिवसांनी काकूच्या नाही, दुसऱ्या बाजूच्या भिंतीपलीकडून लाटण्यांचा आवाज आला. मला बोलावणं नव्हतं. त्यानंतरच्या घरचंही आलं नाही. शेवटी नळावर काकूच म्हणाली, "तुन्हा भाऊनी हिशोब चुकता करी टाका ना. आते तुन्हा दिवस आम्ही कसा लेसूत?"

मी भावाला फोन केला. तो म्हणाला, आता पैसे परत घेतले तर अहवाल खोटा पडेल. तो आधी तरी कुठे खरा होता, हे तोंडावर आलं होतं. फोन ठेवला.

काकूच्या पापडाच्या दिवशी पोळपाट-लाटणं घेतलं आणि तिच्या उंबऱ्यापाशी जाऊन उभी राहिले. सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. पाय परत वळत होते.

"बोलावं नही, तरी उनू," मी म्हटलं. न बोलावता आले, एवढंच; पण गल्लीत एका दमात एवढंही मी कधी बोलले नव्हते.

काकू उठली. डाळीच्या डब्यात हात घालून पाकीट काढलं, न फोडलेलं. "हाई परत ले, मंग बठ."

बसले. त्या दिवशी पाठीला पाठ नव्हती आणि चार वाजले.

त्याच आठवड्यात आणखी पाच पाकिटं परत आली. माझं मी त्यांत ठेवलं. राहिली गल्लीच्या टोकाची. तिने त्या पैशांत पंखा दुरुस्त केला होता. तिने दोनदा शंभर-शंभर आणून दिले, आणि बाकी फिटेपर्यंत स्वतःचे पापड पुढे ढकलत राहिली.

तिचा दिवस ठरला तेव्हा भाऊ तोंडी परीक्षा पास होऊन आला होता. गल्लीतलं काम किती सुधारलं, यावर सरांनी कौतुक केलं म्हणे. मी त्याला तिच्या अंगणात घेऊन गेले. तिने पिठाच्या हातानेच शेवटची नोट त्याच्या हातात दिली.

"ले भाऊ. आते तुन्हं आम्हनाकडे काहीच नही."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी बाकीचं पुडकं पुढे केलं आणि म्हटलं, "मोज."

त्याने दोनदा मोजले. चोवीसशे. पूर्ण भरले.